डेल्फाचे शिवशिवते हात

डेल्फा स्टॅम्परने चौदा वर्षं लोकांचे केस कापले, आणि डॉक्टर व्हायला कॉलेजात गेली तर पहिल्याच आठवड्यात तिची गाठ पुन्हा केसाशीच पडली.

ऑस्टिओपॅथीच्या कॉलेजात हातांना वळण लावायची एक जुनी रीत आहे. टेलिफोनच्या जाडजूड डिरेक्टरीत एका पानाखाली माणसाचा एक केस ठेवायचा, डोळे मिटायचे आणि वरून बोटं फिरवून तो शोधायचा. सापडला की वर आणखी एक पान टाकायचं. मग आणखी एक. वर्गातली बाविशी-तेविशीची पोरं पाचव्या-सहाव्या पानाला गार पडली. डेल्फा तेव्हा तेहतीस वर्षांची. ती अकराव्या पानापर्यंत गेली. मास्तर चष्मा काढून तिच्याकडे बघायला लागले.

"आधी काय करायचात हो तुम्ही?"

"पार्लर होतं माझं," डेल्फा म्हणाली. "आणि हा केस रंगवलेला आहे."

अकरा पानं उलटली, तर खाली खरंच लालभडक केस. सगळ्या वर्गाने आ वासला. आता, पहिल्या बाकावरच्या पोरीचं डोकं पळसासारखं फुललेलं होतं आणि मास्तरांनी केस मागताना तिच्याकडेच पाहिलं होतं, हे डेल्फाने कुणाला सांगितलं नाही. चौदा वर्षं पार्लर चालवलेल्या बाईला एवढं दिसणारच.

आम्ही पूर्व केंटकीच्या कोळशाच्या डोंगरातली माणसं. मडलिक ही आमची दरी. डेल्फा इथलीच, एस्टिल आणि ऑपल स्टॅम्परची एकुलती एक. ऑस्टिओपॅथीचा डॉक्टर म्हणजे काय हे गावाला समजावताना तिच्या नाकी नऊ यायचे. तो सगळ्या डॉक्टरांसारखाच डॉक्टर. औषधं देतो, ऑपरेशनं करतो, बाळंतपणं करतो, आणि शिवाय हाडं-स्नायू हातांनी चाचपून मोकळे करायलाही शिकलेला असतो. पण तिची जुनी गिऱ्हाईक वर्डी हिचं एकच पालुपद.

"म्हणजे शेवटी मालीशच ना गं? ती तर तू डोकं धुताना फुकटात करायचीस."

या सगळ्याची सुरुवात एस्टिलपासून झाली. तीस वर्षं कोळशाचे ट्रक हाकलेला हा दणकट गडी अठ्ठावन्नाव्या वर्षी एका रविवारी चर्चच्या जेवणात ताटावरच कलंडला. उजवं अंग गेलं. तीन आठवडे हॉस्पिटल झालं आणि तो घरी आला. मग मडलिकची माणसं मदतीला धावली, आणि आमच्याकडे माणसं धावतात म्हणजे धावतातच. पंधरा दिवसांत दाराशी एकोणीस भांडी आली. चिकन आणि कणकेचे गोळे, चीज घालून भाजलेले बटाटे, उकडलेले घेवडे, मक्याचा पाव, सफरचंदाचा थराथरांचा केक. प्रत्येक भांड्याच्या तळाला चिकटपट्टी आणि तिच्यावर मालकिणीचं नाव, म्हणजे परत करताना घोळ नको. चर्चमधले चार बाप्ये पाळी लावून एस्टिलला खुर्चीसकट उचलून ओसरीवर आणायचे आणि आत न्यायचे. ऑपल त्याचं मांस चिरून द्यायची, बटणं लावायची, घास भरवायची. डेल्फा दर रविवारी दाढी करून केस कापायची. एस्टिलला कशाला म्हणून हात लावावा लागला नाही. लागला नाही, म्हणून त्याने लावलाही नाही. व्यायाम करून घेणारी माणसं डोंगराच्या रस्त्याने दीड तासावर होती. तिथे तीन खेपा झाल्या, चौथ्या खेपेला बर्फ पडलं, आणि बर्फ वितळल्यावर कुणाला आठवण राहिली नाही. अती तिथे माती म्हणतात. एस्टिल त्या आरामखुर्चीत बसला तो बसलाच.

वर्षभराने दवाखान्यात एक म्हातारी डॉक्टरीणबाई महिन्यापुरती बदलीवर आली. ती ऑस्टिओपॅथीची. तिने एस्टिलच्या खांद्याखाली दोन्ही हात घातले, डोळे मिटले आणि दहा मिनिटं तशीच बसली. मग म्हणाली, "उचला बघू हात." एस्टिलचा उजवा हात हनुवटीपर्यंत आला. त्याआधी वर्षभर तो मांडीवरून हलला नव्हता.

"हा हात मेलेला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "याला कुणी काम सांगत नाही, एवढंच."

महिना संपला, बाई गेली, हात पुन्हा मांडीवर आला. पण डेल्फाच्या डोक्यात किडा शिरला. दुसऱ्याच आठवड्यात तिने पार्लरला दुपारचं कुलूप लावलं आणि वैद्यकाआधी पदवी लागते म्हणून साध्या कॉलेजात नाव घालायला गेली. सकाळी कात्री, संध्याकाळी रसायनशास्त्र, असं चार वर्षं चाललं. गिऱ्हाइकांच्या डोक्यावर टॉवेल गुंडाळून ती त्यांच्याकडूनच स्नायूंची नावं म्हणवून घ्यायची. मानेच्या मागचे सगळे स्नायू वर्डीला अजून पाठ आहेत.

वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला प्रश्न येतो, की पुढे कशात जायचं. डेल्फाचं ठरलेलं होतं. पुनर्वसन-वैद्यक. लकवा, मणक्याला मार, तुटलेला पाय. जीव वाचवणारे जीव वाचवून पुढच्या खाटेकडे गेले, की मागे उरलेल्या माणसाला पुन्हा उभं करायचं, चालवायचं, त्याच्या हाताने जेवायला लावायचं. तिला तेच हवं होतं, दुसरं काही नको होतं. पण त्याच्या प्रशिक्षणाच्या जागा असतात थोड्या आणि मागणारे उदंड. आमच्यापासून गाडीने जाता येईल अशी एकच जागा होती. चार तासांवरच्या शहरातलं मोठं पुनर्वसन हॉस्पिटल, वर्षाला सहा जण घेणारं. त्या सहांसाठी अर्ज यायचे चारशेच्या वर.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस," ऑपल म्हणाली. "गावच्या दवाखान्यात फॅमिली डॉक्टर हो. ते तुला डोळे झाकून घेतील. रात्रीची जेवायला घरी येशील."

"ममा, फॅमिली डॉक्टर वाईट नाही गं. पण मला ते नको आहे."

"सदतिशी आली तुझी. नको-हवं करायचं वय आहे का हे?"

पण खुर्चीतून एस्टिल म्हणाला, "जाऊ दे तिला. केस कापता कापता माझा कान कापायची, त्यापेक्षा हे बरं."

चौथ्या वर्षाची एक रीत अशी, की जिथे जागा हवी तिथे जाऊन महिनाभर राबायचं. नाव शिकण्याचं, पण असते ती महिनाभराची मुलाखत. जुलैमध्ये डेल्फा त्या मोठ्या हॉस्पिटलात गेली. विभागाचे प्रमुख डॉ. टीग, साठीचे, उंच, वाळकुडे, आणि सदा हात कोटाच्या खिशात. बोलताना खिशात, चालताना खिशात. त्यांच्या कोटाचे दोन्ही खिसे खालून फाटलेले आणि पुन्हा शिवलेले होते. डेल्फाला वाटलं, माणूस जरा आळशी दिसतो.

तिथे लॉनी फ्युगेट नावाचे पेशंट होते, विजेच्या खांबांवर चढून तारा ओढण्यात जन्म गेलेले. आता डावं अंग लुळं. तिसऱ्या दिवशी सकाळी डेल्फा त्यांच्या खोलीवरून चालली होती. लॉनी खाटेच्या कडेला बसून शर्टाचं बटण लावत होते. बटण काजापाशी यायचं आणि निसटायचं. पुन्हा यायचं, पुन्हा निसटायचं. खालची तीन लागलेली, चौथ्याशी झटापट चाललेली. कपाळावर घाम. डेल्फाचे हात शिवशिवायला लागले. मडलिकमध्ये जन्मलेली बाई, वरून तीन वर्षं हात लावायलाच शिकलेली. ती आत शिरली, हसली आणि दोन सेकंदांत वरपर्यंत बटणं लावून मोकळी झाली.

"झालं बघा, मिस्टर लॉनी."

लॉनींनी तोंड खिडकीकडे फिरवलं. डेल्फा वळली, तर दारात डॉ. टीग उभे. हात खिशात.

"पहिल्या दिवशी त्यांना एक बटण आलं," टीग हळू आवाजात म्हणाले. "काल तीन. आज सकाळपासून पस्तीस मिनिटं चौथ्यासाठी लढत होते, आणि मी इथे उभा राहून बघत होतो. ते बटण त्यांचं होतं, स्टॅम्पर. तू चोरलंस."

डेल्फाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आता काय करू मी, डॉक्टर?"

"चोरलेल्या वस्तूचं काय करतात तुमच्या गावात?"

ती पुन्हा खाटेपाशी गेली. गुडघ्यांवर बसली.

"मिस्टर लॉनी, माझं चुकलं. तुमचं तुम्हाला परत करते." आणि तिने चौथ्यापासून वरची सगळी बटणं एकेक करून काढली.

लॉनींनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडाची उजवी बाजू हसली.

"माझा शर्ट उघडायला बाई गुडघ्यांवर बसली," ते म्हणाले. "बायकोला कळू देऊ नका. आधीच एक झटका येऊन गेलाय."

त्या दिवशी डेल्फाला टीगच्या खिशांचा उलगडा झाला. माणूस आळशी नव्हता. त्यांचेही हात शिवशिवत होते, चाळीस वर्षं, आणि चाळीस वर्षं ते हात त्यांनी खिशात कोंबून धरले होते. खिसे फाटले ते त्यामुळे.

आणि त्या दिवशी तिला दुसरंही काही दिसलं. संध्याकाळी भाड्याच्या खोलीत ती सूप गरम करत उभी होती आणि एकाएकी तिच्या डोळ्यांसमोर ती एकोणीस भांडी आली. तळाच्या चिकटपट्ट्यांवरची नावं आली. आणि तिचा स्वतःचा वस्तरा आला, दर रविवारी बापाच्या गालावरून फिरणारा. डॅडींचं सगळं आपण सगळ्यांनी मिळून चोरलं, आणि किती मायेने चोरलं, असं तिला वाटलं. ती रडली. मग सूप उतू गेलं ते पुसलं.

पुढच्या आठवड्यात लॉनींची गाडी सगळ्यात वरच्या बटणापाशी अडली. हात तिथवर न्यायला गेलं की खांद्यात कळ यायची. टीग डेल्फाला म्हणाले, "तुमच्या कॉलेजात हातांचं काही शिकवतात म्हणे. बघ."

डेल्फाने लॉनींच्या खांद्याच्या फऱ्याखाली बोटं सरकवली आणि डोळे मिटले. अकरा पानांखालचा केस शोधायचा तसं शोधलं. एक बरगडी अडून बसली होती आणि तिच्यावरचा स्नायू तारेसारखा ताठ झाला होता. तिने जोर लावला नाही, नुसती वाट बघत दाब धरला. दहा-बारा मिनिटांनी तो स्नायू तिच्या बोटांखाली ढिला पडला. मग तिने हात काढले, कोटाच्या खिशात घातले आणि मागे सरकली.

लॉनींना वरचं बटण लावायला अकरा मिनिटं लागली. त्या अकरा मिनिटांत डेल्फाने खिशातल्या खिशात स्वतःच्या तळहातांवर नखं रुतवली.

"कॉलर सरळ आहे ना?" लॉनींनी विचारलं.

कॉलर एका बाजूने कानापर्यंत गेली होती.

"एकदम सरळ," डेल्फा म्हणाली.

महिना संपला. निघताना टीग इतकंच म्हणाले, "बरं होतं." चार तास गाडी हाकताना डेल्फा त्या दोन शब्दांचा कीस काढत होती. चांगलं होतं म्हणाले नाहीत. ठीक होतं म्हणाले नाहीत. बटणाचं ते विसरले नसणार. सहा जागा आणि चारशे माणसं, त्यात बटण चोरणारीला कोण घेणार. डोंगर लागले तोवर तिने स्वतःला नापास करून टाकलं होतं.

घरी ऑगस्ट होता, म्हणजे घेवडा. आमच्याकडे शेंगा शिरांच्या असतात. टोकाला नख घालून शीर खालपर्यंत ओढायची आणि मग शेंग मोडायची. ऑगस्टमध्ये मडलिकच्या प्रत्येक ओसरीवर बादली घेऊन कुणी ना कुणी शेंगा मोडत बसलेलं असतं. डेल्फाने आधी बापाच्या खांद्याखाली हात घातले, अर्धा तास घालवून तो मोकळा केला. मग शेंगांची बादली त्याच्या मांडीवर ठेवली.

"हे काय आहे?" एस्टिल म्हणाला.

"शेंगा. उजव्या हाताने मोडायच्या."

"मला नाही जमत हे."

"माहीत आहे, डॅडी. म्हणून तर दिलं."

ऑपल आतून पदर खोचल्यासारखी तणतणत आली. "बापाला कामाला जुंपायला डॉक्टर झालीस का गं? आण ती बादली इकडे."

"ममा, बादलीला हात लावलास तर मी परत पार्लर उघडेन आणि पहिले तुझेच केस कापेन."

पहिल्या दिवशी तासाभरात तीन शेंगा झाल्या. चौथी एस्टिलने डेल्फाला फेकून मारली. उजव्या हाताने मारली, आणि लागलीही, म्हणून डेल्फा इतकी खूश झाली की ऑपलला पोरीच्या डोक्याची काळजी वाटायला लागली. दर शनिवारी-रविवारी हेच. खुर्ची उचलणाऱ्या चार बाप्यांना तिने घरी पाठवलं. जेवण घेऊन येणाऱ्या बायकांना सांगितलं, भांडं टेबलावर ठेवा, डॅडी येतील टेबलापाशी. वर्डी गावभर सांगत सुटली की शिकून सवरून डेल्फाचं काळीज दगडाचं झालं, आजारी बाप भिंत धरून चालतो आणि ही खिशात हात घालून बघत उभी राहते.

सप्टेंबरात एक वाडगाभर शेंगा होऊ लागल्या. पहिलं दव गोठलं तेव्हा एस्टिलने हंगामाची शेवटची बादली एकट्याने संपवली. निम्म्या शिरा तशाच राहिल्या होत्या. रात्रीच्या जेवणात सगळ्यांच्या दातांत दोरे अडकत होते आणि कुणी अवाक्षर काढत नव्हतं. ऑपलने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. नाताळला एस्टिल चार पायांची काठी टेकत स्वतः टेबलापाशी आला आणि म्हणाला, "या घरात मीठ कुणी मागितल्याशिवाय देत नाही का हल्ली?" मीठ त्याच्या हातापासून वीतभर लांब होतं. कुणीही ते दिलं नाही. त्याने ते घेतलं.

फेब्रुवारीत डेल्फाने आपल्या पसंतीची यादी भरली. वर पुनर्वसनाच्या जागा, त्यात पहिलं टीगचं हॉस्पिटल. सगळ्यात तळाला गावचा दवाखाना. हॉस्पिटलंही आपापल्या याद्या भरतात, मग दोन्ही याद्या जुळवतात, आणि जिथे जुळेल तिथे पुढची वर्षं जायची. त्यात रदबदली नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सोमवारी निरोप आला, की तुम्हाला जागा मिळाली आहे. कुठली, ते शुक्रवारी दुपारी बाराच्या ठोक्याला, पाकिटात.

"मिळाली ना, मग झालं तर," ऑपल म्हणाली.

"गावची मिळाली असेल, ममा. तळाची."

"मग तर दुधात साखर."

डेल्फा चार दिवस नीट जेवली नाही.

शुक्रवारी कॉलेजच्या हॉलमध्ये फुगे, केक, टेबलांवर पाकिटं, आणि शंभरेक पोरं आपापल्या आईबापांना घेऊन घड्याळाकडे डोळे लावून बसलेली. एस्टिल आला होता. नऊ वर्षांत हॉस्पिटल सोडून दुसऱ्या कशासाठी तो पहिल्यांदाच दरीबाहेर पडला होता. गाडीपासून हॉलपर्यंत काठी टेकत चालला, त्याला वीस मिनिटं लागली, आणि दार उघडून धरणाऱ्या तीन जणांना त्याने "मला येतं" म्हणून वाटेला लावलं. शर्टाची बटणं त्याची त्याने लावली होती. एक चुकलं होतं.

बारा वाजले. शंभर पाकिटं एकदम टराटरा फाटली. कुणी किंचाळलं, कुणी रडलं, कुणी आईच्या गळ्यात पडलं. डेल्फाने पाकीट उचललं तेवढ्यात एस्टिलने हात पुढे केला. उजवा.

"दे इकडे. मी उघडतो."

नाही म्हणायला डेल्फाचं तोंड उघडलं होतं. तिने ते मिटलं आणि पाकीट बापाच्या हातात दिलं.

पाकीट पहिल्यांदा खाली पडलं. एस्टिलने वाकून ते उचललं, त्यालाच दोन मिनिटं गेली. मग त्याने ते डाव्या हाताने छातीशी दाबून धरलं आणि उजव्याने कडा चाचपायला लागला. ऑपलचा हात पुढे आला. डेल्फाने तो टेबलाखाली धरून ठेवला. स्वतःचा दुसरा हात तिने मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसली. आजूबाजूला फोटो निघत होते, केक कापले जात होते. पहिल्या बाकावरची ती लालभडक डोक्याची पोरगी पळत आली आणि म्हणाली, "काय मिळालं गं तुला?"

"माहीत नाही," डेल्फा म्हणाली. "डॅडी उघडतायत."

पोरगी चार वर्षं तिच्याबरोबर शिकली होती. तिने एकदा एस्टिलच्या बोटांकडे पाहिलं, स्वतःचे हात पाठीमागे बांधले आणि तिथेच उभी राहिली. मग आणखी एक जण येऊन उभा राहिला. मग ते केसाचे मास्तर. थोड्या वेळात टेबलाभोवती वीस-पंचवीस माणसं जमली. सगळी हात लावायला शिकलेली माणसं, आणि कुणाचाही हात पुढे आला नाही.

डिंकाची कड काही सुटेना. एस्टिल थांबला. श्वास घेतला. मग त्याने पाकिटाच्या कोपऱ्यात अंगठ्याचं नख घातलं, थोडंसं वर केलं आणि खालपर्यंत एका ओढीत ओढत नेलं, शेंगेची शीर काढावी तसं. पाकीट उघडलं.

त्याने कागद बाहेर काढला. चष्मा खिशात होता, तो काढला. लावला. वाचलं. ट्रक हाकताना घाटातल्या वळणावर जसा चेहरा ठेवायचा तसाच चेहरा ठेवून पुन्हा एकदा वाचलं. मग कागदाची घडी केली आणि डेल्फापुढे धरली.

"काय आहे, डॅडी?"

"तुझं पत्र आहे. तूच वाच. तुझी कामं मी का करू?"

मास्तर मोठ्याने हसले. डेल्फाने कागद घेतला, आणि अकरा पानांखालचा केस ओळखणारे तिचे हात असे थरथरायला लागले की तिला घडी उलगडेना. कागद उघडायचा आणि मिटायचा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, त्यामुळे दिसतही नव्हतं. ऑपलला राहवलं नाही. ती उठली, कागदाला हात घातला.

एस्टिलने उजव्या हाताने बायकोचं मनगट धरलं.

"ऑपल, हात काढ," तो म्हणाला. "तिला येतंय. वेळ लागेल थोडा."

ऑपल खाली बसली. वेळ लागला. मग डेल्फाने वाचलं, आधी मनात, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं. पुनर्वसन-वैद्यक, चार वर्षं, आणि खाली टीगच्या हॉस्पिटलचं नाव. टेबलाभोवतीच्या माणसांनी एवढा गलका केला की पलीकडच्या टेबलावरचा एक केक खाली गेला. डेल्फा बापाच्या गळ्यात पडली. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिच्या पाठीवर दोन हात आले.

दुपारी गाडीपाशी फोन वाजला. डॉ. टीग.

"स्टॅम्पर, कळलं का?"

"कळलं, डॉक्टर. मला वाटलं, त्या बटणामुळे तुम्ही मला घेणार नाही."

"बटणं सगळेच लावतात. मीही लावली होती. पण वाकून परत देणारी माणसं मला चाळीस वर्षांत फार भेटली नाहीत. त्याच दिवशी तुझं नाव लिहून ठेवलं मी."

"मग मी निघाले तेव्हा काही बोलला का नाहीत?"

"तुझं तुला कळावं म्हणून," टीग म्हणाले. "एक जुलैला ये. आणि येताना कोटाचे खिसे भक्कम शिवून आण. नवे खिसे वर्षभर टिकत नाहीत आमच्याकडे."

घरी आल्यावर ओसरीवर सात भांडी होती. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. सगळ्यात मोठ्या भांड्याच्या तळाला वर्डीचं नाव होतं. एस्टिल काठी टेकत पायऱ्या चढत होता. डेल्फा त्याच्या एक पायरी खाली, हात खिशात घालून उभी होती. ऑपल आत गेली ती सुई, जाड दोरा आणि डेल्फाचा पांढरा कोट घेऊनच बाहेर आली.

"आता याला तरी हात लावू का?" तिने विचारलं.

"लाव, ममा," डेल्फा म्हणाली. "दुहेरी शिव."

ऑपल ओसरीच्या झोक्यावर बसली, दोरा ओवला आणि पहिला टाका घातला.